कुडिमरामत्तु : चेन्नईच्या जलधर्माचे स्मरण

ईशान्य मोसमी पावसाच्या अल्प काळात जे जल आकाशातून उतरेल तेच मुख्यतः वर्षभर जपून वापरावयाचे, हे ज्या भूमीचे प्राक्तन, त्या चेन्नईच्या परिसरात पूर्वजांनी मातीचे बांध घालून ‘एरी’ नामक तलावांची मालिका निर्माण केली; एका तलावाचे अतिरिक्त पाणी पुढच्यात उतरे, आणि गाळ उपसण्याचे, बांध सावरण्याचे काम गावची रयत स्वतःच्या श्रमाने करी. या प्रथेचे नाव ‘कुडिमरामत्तु’ : तमिळ ‘कुडी’ म्हणजे रयत, आणि आपल्याही जुन्या दप्तरांतला ‘मरामत’ हा शब्द, यांचा तो सुंदर संयोग.

ज्या ब्रिटिश राजवटीने १८५८ साली हे श्रम कायद्याने सक्तीचे केले, तिच्याच अमदानीत, १९२३ च्या सुमारास, मैलापूरचा विस्तीर्ण ‘लाँग टँक’ आटवून त्यागराय नगर वसविण्यात आले. पुढे २००३ साली घरोघर पर्जन्यजलसंचय अनिवार्य झाला, तरी २०१५ चा महापूर आणि २०१९ साली जोलारपेट्टैहून रेल्वेने आणावे लागलेले पाणी यांनी एकच धडा दिला : निसर्गाशी जडलेले नाते केवळ ममतेने नव्हे, तर प्रतिवर्षीच्या मरामतीने टिकते.