नाचणी : हाडांना बळ देणारे धान्य

अंबरनाथ, मुरबाड, शहापूर तालुक्यांतील डोंगरउतारांवर पावसाळ्यात भाताच्या जोडीने नाचणी पिकते. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून पाळले, त्या धान्यांपैकी ही एक. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदळात जेमतेम १०. त्यामुळे वाढत्या वयाची मुले, गर्भवती व रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांना ती उपयुक्त ठरते. तीत ग्लुटेन नसल्याने गहू वर्ज्य असणाऱ्यांनाही चालते. मोड आणल्यास त्यातील फायटेट कमी होऊन लोह व कॅल्शियम अधिक शोषले जाते. मधुमेहींनी मात्र पातळ आंबिलीपेक्षा भाकरी, तीही बेताने, खावी. पातळ शिजवलेल्या पिठाने रक्तातील साखर तुलनेने लवकर वाढते. मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, कारण नाचणीत ऑक्झलेटही असते.