सारीन, एक फोन आणि ऑनलाइन वर्ग

दहशतवादविरोधाचा किंवा महासंहारक शस्त्रांच्या हल्ल्याला तोंड द्यायचा अभ्यास घरबसल्या ऑनलाइन करता येतो, असं म्हटलं की लोक हसतात. "म्हणजे माउस क्लिक करून कमांडो होणार का?" असं विचारतात. हसणं साहजिक आहे. पण या अभ्यासक्रमांची गरज का पडली ते बघायला गेलं की हसू आवरतं. त्यासाठी जरा जपानला जावं लागेल.

मात्सुमोतो हे नागानो प्रांतातलं शहर. २७ जून १९९४ च्या रात्री ओम शिनरिक्यो पंथाच्या लोकांनी तिथल्या वस्तीत एका ट्रकमधून सारीन हा विषारी वायू सोडला. आठ माणसं गेली, त्यातली आठवी चौदा वर्षं अंथरुणावर काढून २००८ मध्ये. शेकडो आजारी पडली. हे कुणी केलं तेच कळेना. पोलिसांनी तर पहिली खबर देणाऱ्या रहिवाशावरच संशय घेतला! पण तिथल्या शिन्शू विद्यापीठाच्या डॉक्टरांनी एक गोष्ट पक्की पाहून ठेवली: सारीन बाधलेला माणूस कसा दिसतो आणि त्याला काय द्यायचं.

नऊ महिन्यांनी, २० मार्च १९९५ ला, सोमवारी सकाळी ऐन ऑफिसच्या वेळेला त्याच पंथाने टोकियोच्या भुयारी रेल्वेत पाच गाड्यांमध्ये सारीन सोडलं. हजारो लोक डोळे चोळत, खोकत वर रस्त्यावर आले. जवळच्या सेंट ल्यूक्स रुग्णालयात एका दिवसात ६४० रुग्ण पोचले. कित्येक चालत आले, कित्येक टॅक्सीने. अग्निशमन दलाकडून सुरुवातीला कळलं की रसायन अ‍ॅसिटोनायट्राइल आहे. ते चुकीचं होतं. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या, हे लक्षण त्याच्याशी जुळत नव्हतं.

अशात टीव्हीवर बातम्या बघणाऱ्या शिन्शू विद्यापीठाच्या डॉ. नोबुओ यानागिसावांना वाटलं, हे तर आपण पाहिलंय. त्यांनी टोकियोच्या रुग्णालयांना फोन करून सांगितलं, की ही लक्षणं मात्सुमोतोसारखी आहेत. पोलिसांनी सारीन असल्याचं जाहीर केलं तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते.

मला या सगळ्या कहाणीत तो फोन सगळ्यात भयंकर वाटतो. माहिती नऊ महिने देशात होती. पण ती एका शहरातल्या काही डॉक्टरांच्या डोक्यात होती आणि टोकियोला पोचली ती एका माणसाने टीव्ही लावला म्हणून. आपल्या धंद्यात असं सर्रास चालतं. सर्व्हर रात्री तीनला झोपला की "त्याला फोन करा, त्याला माहितीये". तो सुट्टीवर असला तर संपलं! फरक इतकाच, की आपल्याकडे सर्व्हर पडतो, तिथे माणसं पडत होती.

आणखी एक. रुग्णांचे कपडे न उतरवताच त्यांना आत घेतलं गेलं. कपड्यांतून वाफ निघत होती, खोल्या बंद होत्या. सेंट ल्यूक्सच्या पाहणीत ४७२ पैकी ११० कर्मचाऱ्यांनी स्वतःलाही त्रास झाल्याचं सांगितलं. कपडे उतरवा, पाण्याने धुवा, हवा खेळती ठेवा. या तीन ओळी आधी माहीत असत्या तर बरंच टळलं असतं.

टोकियोच्या डॉक्टरांचा मोठेपणा असा, की आपलं काय काय चुकलं ते त्यांनी वैद्यकीय नियतकालिकांत आकड्यांसकट छापलं. पुढचं सगळं शिक्षण त्यावर उभं राहिलं. अमेरिकेने १९९६ मध्ये कायदा करून १२० मोठ्या शहरांतल्या पोलीस, अग्निशमन आणि वैद्यकीय पथकांना शिकवायचं ठरवलं. पद्धत अशी, की आधी प्रशिक्षक तयार करायचे आणि त्यांनी पुढे बाकीच्यांना शिकवायचं. पण १२० शहरं म्हणजे देश नव्हे. छोट्या गावातल्या फौजदाराला आठवडाभर रजा कोण देणार?

इथे ऑनलाइन शिक्षण कामाला आलं. आपत्ती व्यवस्थापन खातं, म्हणजे फेमा, पूर्वी घरी पुस्तिका पाठवून स्वाध्याय करून घ्यायचं. तेच धडे जालावर फुकट आले. ११ सप्टेंबर २००१ नंतर कॅलिफोर्नियात माँटेरेच्या नौदल विद्यालयाने नोकरी करणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी पदव्युत्तर अभ्यासक्रम काढला: थोडे दिवस वर्गात, बाकी घरून. २०१३ मध्ये नेदरलँड्सच्या लायडन विद्यापीठाने दहशतवादावरचा अभ्यासक्रम कोर्सेरावर ठेवला आणि तो तुमच्या-माझ्यासारख्यांनाही खुला झाला.

अर्थात सगळंच पडद्यावर शिकता येत नाही. विषरोधक पोशाख घालून घामाघूम होत रुग्ण उचलणं हाताला शिकावं लागतं. त्यासाठी अलाबामातल्या अ‍ॅनिस्टनमध्ये १९९८ साली केंद्र निघालं, तिथे खऱ्या विषारी रसायनांवर सराव होतो. पण दाराशी आलेला पहिला रुग्ण ओळखायला पोशाख लागत नाही, माहिती लागते. आणि ती आधीच लागते.

टोकियोतल्या हल्ल्याची चौदावी बळी पंचवीस वर्षं अंथरुणाला खिळून २०२० मध्ये गेली. हा अभ्यास म्हणजे यानागिसावांचा तो फोन आधीच करून ठेवणं. एवढ्यासाठी एखादा विकांत द्यायला हरकत नाही, नाही का?