जुन्या मोटारसायकलींचा कार्बोरेटर : सफाई आणि नवी सील

भारतात १ एप्रिल २०२० रोजी भारत स्टेज-६ मानके लागू झाल्यानंतर नव्या मोटारसायकलींमध्ये कार्बोरेटरची जागा प्रामुख्याने फ्युएल इंजेक्शनने घेतली. तथापि, जुन्या बुलेट, येझदी, राजदूत आणि यामाहा आरएक्स १०० यांसारख्या गाड्या आजही कार्बोरेटरवरच धावतात. या गाड्यांचे आयुष्य बऱ्याच अंशी त्याच्या निगेवर अवलंबून असते.

बिघाड का होतो?

गाडी अनेक आठवडे उभी राहिल्यास कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीतील पेट्रोल हळूहळू उडून जाते आणि मागे चिकट थर उरतो. पायलट जेटचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असल्याने ते सर्वप्रथम बुजते. अशा वेळी गाडी चोकवर चालते, मात्र चोक बंद करताच इंजिन थांबते. नीडल व्हॉल्व्ह झिजल्यास किंवा त्यात कचरा अडकल्यास ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल गळते. तापलेल्या इंजिनाजवळची ही गळती आगीला निमंत्रण ठरू शकते.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे सीलचा प्रश्न अधिक महत्त्वाचा झाला आहे. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. त्यामुळे धातूचे भाग गंजू शकतात आणि जुन्या प्रकारचे रबर फुगते किंवा कडक होऊन तडकते. काही जुन्या वाहनांमध्ये २० ते ३० हजार किलोमीटरच्या वापरानंतर काही रबरी भाग व गास्केट बदलावी लागू शकतात, असे केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये स्पष्ट केले होते.

सफाईची पद्धत

काम मोकळ्या हवेत आणि इंजिन थंड असताना करावे. आसपास विडी-सिगारेट वा ज्योत नसावी. प्रथम पेट्रोल कॉक बंद करून वाटीतील पेट्रोल काढून घ्यावे. एअर स्क्रू काढण्यापूर्वी तो पूर्ण बसेपर्यंत हलकेच आत फिरवून फेरे मोजावेत व लिहून ठेवावेत. पुनर्जोडणीच्या वेळी हीच नोंद उपयोगी पडते.

द्रावक रबराला मारक असल्याने फवारणीपूर्वी सर्व ओ-रिंग, गास्केट आणि फ्लोट बाहेर काढावेत. जेट पितळेचे, म्हणजे मऊ असतात. त्यामुळे नेमक्या मापाचा स्क्रू-ड्रायव्हर वापरावा. बुजलेले छिद्र पोलादी तारेने किंवा सुईने टोकरणे ही सर्रास आढळणारी चूक होय. छिद्र किंचित जरी मोठे झाले तरी मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते, धूर होतो आणि मायलेज घटते. जेट द्रावकात भिजवून हवेच्या दाबाने मोकळे करावे व उजेडासमोर धरून तपासावे. त्यानेही छिद्र उघडले नाही, तर त्याच क्रमांकाचे नवे जेट बसवावे.

सील बसवताना

जुनी ओ-रिंग वरवर शाबूत दिसली तरी ती पुन्हा वापरू नये. शक्यतो इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे संपूर्ण किट घ्यावे. नीडल व्हॉल्व्हच्या टोकावर झिजल्याची कडी दिसल्यास तोही बदलावा. वाटीच्या गास्केटऐवजी सिलिकॉनचा लेप लावणे धोक्याचे असते. पेट्रोलमध्ये तो फुगून सुटतो आणि त्याचे तुकडे जेटमध्ये अडकतात. मिश्रधातूचे आटे सहज खराब होतात, म्हणून स्क्रू बेताने आवळावेत.

कार्बोरेटर आणि इंजिन यांमधील रबरी जोडही तपासावा. त्याला तडा असल्यास बाहेरची हवा आत शिरते आणि मिश्रणात पेट्रोल कमी पडते. टू-स्ट्रोक गाड्यांमध्ये यामुळे इंजिन प्रमाणाबाहेर तापून पिस्टन जाम होण्याची भीती असते.

जोडणीनंतर कॉक उघडून काही मिनिटे गळती पाहावी आणि मगच इंजिन सुरू करावे. आयडलिंगची अंतिम जुळणी इंजिन पूर्ण तापल्यावर करावी. पुढे गाडी महिनाभर उभी ठेवायची असल्यास वाटी रिकामी करून ठेवणे हा सर्वात स्वस्त उपाय होय.