दोन मत्स्यालयं आणि एक गृहीतक

१९९२ साली अमेरिकेत दोन मत्स्यालयं उघडली. एक फेब्रुवारीच्या शेवटी न्यू जर्सीतल्या कॅम्डेनमध्ये, डेलावेअर नदीच्या काठावर; दुसरं मे महिन्यात टेनेसी राज्यातल्या चॅटनूगामध्ये, टेनेसी नदीच्या काठावर. दोन्ही गावं तेव्हा खंगलेली. कॅम्डेनची जहाजगोदी कधीच बंद पडली होती, चॅटनूगाच्या ओतशाळा एकेक करून थंडावत होत्या. आज अमेरिकन शहरांच्या पुनरुज्जीवनावर बोलायला उभा राहिलेला जो तो चॅटनूगाचा दाखला देतो. कॅम्डेनचा कुणी देत नाही. मत्स्यालय उघडल्यावर दहा वर्षांनी, २००२ साली, कॅम्डेनच्या महापालिकेचा कारभार राज्य सरकारला आपल्या हाती घ्यावा लागला.

कारण हजर आणि कार्य गैरहजर, याला आपले नैयायिक अन्वयव्यभिचार म्हणत. तो एकदा दिसला की दाखवलेल्या कारणावर संशय घ्यायलाच हवा. इथे मात्र तीस वर्षं कुणी घेतलेला दिसत नाही.

पूर्वपक्ष असा. मध्यम आकाराच्या अमेरिकन शहरांचं डाउनटाउन ओस पडलं ते लोकांच्या आवडीमुळे. जमीन मुबलक, पेट्रोल स्वस्त, प्रत्येकाला अंगण हवं. मग बाजार उपनगरात गेला तर नवल काय? एकदा मध्य रिकामा झाला की खासगी पैसा तिथे आपणहून फिरकत नाही. एखादं दुकान, चार घरं यांनी काही होत नाही, कारण त्यांच्यासाठी वीस मैलांवरून कोण येणार? तेव्हा सरकारने आधी एखादं मोठं आकर्षण उभारावं: स्टेडियम, अधिवेशन केंद्र, मत्स्यालय, कॅसिनो. त्याच्या आधाराने बाकीचं उगवेल. मुलाकडे सहा महिने राहून आलेले आपले लोकही हेच सांगतात, ‘तिथे डाउनटाउनमध्ये बघण्यासारखं काही नाही हो.’ म्हणजे बघण्यासारखं काहीतरी बांधा, की झालं.

हे मत बावळट नाही. त्याच्यामागे निदान आहे, उपाय आहे, चॅटनूगासारखा पुरावाही आहे. पण निदानच चुकीचं आहे.

लोकांची आवड ही गोष्ट खरी, पण तिच्यामागे सरकारी तिजोरी किती भक्कम उभी होती ते पाहा. १९४९च्या गृहनिर्माण कायद्याने ‘बकाल’ ठरवलेली वस्ती पाडून जमीन मोकळी करण्याच्या निव्वळ खर्चाचा दोनतृतीयांश वाटा केंद्र सरकारने उचलला. १९५६च्या महामार्ग कायद्याने आंतरराज्य मार्गांचा ९० टक्के खर्च केंद्राने घेतला. शंभर रुपयांची वस्तू दहा रुपयांत मिळत असेल तर ती आपल्याला हवी आहे की नाही याचा विचार कोण करतो? शहरांनी आपल्याच पोटातून महामार्ग काढून घेतले. सिराक्यूजमध्ये आय-८१चा उन्नत मार्ग कृष्णवर्णीयांच्या पंधराव्या वॉर्डाच्या छातीवरून गेला. न्यूयॉर्क राज्यातल्याच रॉचेस्टरने तर आपल्या डाउनटाउनभोवती खोलगट द्रुतगती रस्त्याचं कडं बांधलं. ‘इनर लूप’ नावाचं हे कडं १९६५ साली पूर्ण झालं आणि मध्यभाग किल्ल्याच्या खंदकात अडकावा तसा शेजारच्या वस्त्यांपासून तुटला.

रॉचेस्टरपाशी जरा थांबायला हवं, कारण रोग आणि उपाय दोन्ही तिथे एकाच दशकात एकाच हाताने आले. उपनगरी मॉलचा जनक म्हणून ओळखला जाणारा वास्तुविशारद व्हिक्टर ग्रुएन याने तिथे ‘मिडटाउन प्लाझा’ बांधला. शहराच्या ऐन मध्यात उभा राहिलेला हा देशातला पहिला बंदिस्त मॉल १९६२ साली उघडला. पोटात भलं मोठं भूमिगत पार्किंग, मध्ये चौक, चौकात देशोदेशीच्या बाहुल्यांचं घड्याळ. बघायला देशभरातून नगररचनाकार येत. मोठं आकर्षण म्हणतात ते याहून मोठं काय असणार? तरी १९५० साली ३,३२,४८८ लोकवस्तीचं ते शहर २०२० साली २,११,३२८वर आलं. कोडॅक या तिथल्या फिल्म कंपनीच्या ऱ्हासावर खापर फोडायची पद्धत आहे. पण रॉचेस्टरमधली कोडॅकची नोकरसंख्या १९८२ साली शिखरावर होती, साठ हजारांच्या घरात. शहर त्याच्या कितीतरी आधीपासून रिकामं होत होतं. मिडटाउन प्लाझा २००८ साली बंद झाला आणि पुढे पाडला गेला.

म्हणजे या शहरांत मोठ्या प्रकल्पांचा दुष्काळ कधी नव्हताच, अजीर्ण होतं. मिशिगनमधल्या फ्लिंटने १९८४ साली सात-आठ कोटी डॉलर घालून ‘ऑटोवर्ल्ड’ नावाचं मोटारींचं बंदिस्त करमणूक केंद्र उघडलं. जनरल मोटर्स हजारोंनी कामगार कमी करत असताना त्याच कामगारांच्या गावात मोटारींचा पाळणा! सहा महिन्यांत टाळं लागलं, १९९७ साली इमारत पाडली. कॅलिफोर्नियातल्या स्टॉक्टनने २००५ साली डाउनटाउनमध्ये नवं क्रीडागार उघडलं, नव्या महापालिका मुख्यालयासाठी आठ मजली इमारत विकत घेतली, आणि २०१२ साली दिवाळखोरीचा अर्ज केला. दिवाळखोरीला निवृत्तांचा बोजा आणि घरबाजाराची पडझडही कारणीभूत होती हे खरं. पण बँकेने जप्त केली ती नेमकी ती मुख्यालयाची इमारत. स्टेडियमला दिलेलं सरकारी अनुदान वसूल होत नाही, यावर अर्थतज्ज्ञांचं जेवढं एकमत आहे तेवढं त्यांचं क्वचित कशावर असतं. तरी दर वर्षी कुठलं ना कुठलं शहर नवं स्टेडियम मंजूर करतंच. फीत कापायला मोठी वास्तू लागते, हे त्याचं एक कारण असावं असा मला दाट संशय आहे.

आता चॅटनूगा. तिथलं मत्स्यालय चाललं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ते उघडण्याआधीची आठ वर्षं बघा. १९८४ साली ‘व्हिजन २०००’ नावाने गावभर बैठका झाल्या आणि काय दुरुस्त करायचं याची यादी लोकांनीच केली. मोटारींना १९७८पासून बंद असलेला वॉलनट स्ट्रीटचा जुना लोखंडी पूल पाडायचं घाटत होतं. नागरिकांनी तो वाचवला, आणि १९९३ साली तो पादचाऱ्यांसाठी खुला झाला. डाउनटाउनच्या टोकांना पार्किंगच्या इमारती बांधून त्यांच्या उत्पन्नावर फुकट विजेच्या बस सोडल्या. मत्स्यालय बघून निघालेल्या माणसाला बसने, पायी, पुलावरून पलीकडच्या काठाला जाता येत होतं. कॅम्डेनचा पाहुणा मोटारीतून उतरे, मासे बघे, मोटारीत बसे आणि घरी जाई. मत्स्यालयाला लागून शहर उरलंच नव्हतं. दोन गावांत फरक होता तो या जोडणीचा, आणि तेवढी एकच गोष्ट परिसंवादाच्या स्लाइडवर येत नाही.

उलट बाजूचा पुरावा याहून बोलका आहे. कारण गैरहजर आणि कार्य हजर, म्हणजे व्यतिरेकव्यभिचार. नॉर्थ कॅरोलायनातल्या अ‍ॅशव्हिलची बँक १९३० साली बुडाली आणि गाव कर्जात आकंठ बुडालं. त्या कर्जाचा शेवटचा हप्ता १९७६ साली फिटला. सेहेचाळीस वर्षं डाउनटाउन पाडून नवं बांधायला गावाकडे पैसेच नव्हते, म्हणून विटांच्या जुन्या इमारती तशाच राहिल्या. कर्ज फिटताच गावाने चूक करायची तयारी केलीच: अकरा चौक (ब्लॉक) पाडून मॉल उभारण्याचा प्रस्ताव आला. एप्रिल १९८० मध्ये लोकांनी कापडाच्या पट्ट्या एकीला एक गाठ मारून त्या अकरा चौकांना वेढा घातला, म्हणजे काय काय जाणार आहे ते डोळ्यांना दिसावं. १९८१ साली मतदारांनी त्यासाठीचे कर्जरोखे फेटाळले. पुढे गाव सावरलं ते मॉलशिवाय, एकेक इमारत दुरुस्त होत: खाली दुकान, मध्ये कचेऱ्या, वर घरं. (गरिबीने सगळ्यांना वाचवलं असं मात्र नाही. साउथसाइड या कृष्णवर्णीय वस्तीतलं चारशे एकरांहून अधिक क्षेत्र केंद्राच्या पैशाने ‘नूतनीकरणात’ गेलं. डाउनटाउनच्या कौतुकात हे सहसा गाळलं जातं.)

त्याच गावातले नगररचनाकार जो मिनिकोझी यांनी पुढे एक साधा हिशेब मांडला. गावाबाहेरच्या वॉलमार्टकडून मालमत्ता कर किती मिळतो? एकरी सुमारे ६,५०० डॉलर. डाउनटाउनमधल्या एका जुन्या, दुरुस्त केलेल्या मिश्र वापराच्या इमारतीकडून? एकरी सुमारे ६,३४,००० डॉलर. इमारत जेमतेम पाव एकराहून लहान जागेवर उभी. वॉलमार्ट चौतीस एकरांवर पसरलेला. रस्ता, नळ, सांडपाण्याची वाहिनी यांचा खर्च लांबीवर ठरतो, तेव्हा एकरी उत्पन्न हेच खरं माप. एकूण रकमेच्या आकड्यावर खूष होणारी महापालिका आतबट्ट्याचा धंदा करते.

एवढी फायद्याची इमारत असेल तर लोक ती बांधत का नाहीत? इथे पूर्वपक्ष ‘बाजार’ हा शब्द पुढे करतो. पण आधी एक प्लॉट घेऊन बघा. जुन्या पेठेतला, २५ फूट रुंद, १०० फूट खोल: २,५०० चौरस फूट. खाली २,००० चौरस फुटांचं दुकान आणि वर घरं बांधायची आहेत. अनेक शहरांची नियमावली व्यापारी जागेला हजार चौरस फुटांमागे चार मोटारींची जागा मागते. एका मोटारीला, येण्याजाण्याची वाट धरून, साधारण ३३० चौरस फूट लागतात. आठ मोटारी म्हणजे २,६४० चौरस फूट. प्लॉट संपला, दुकान अजून कागदावरच! घरांच्या मोटारी तर मोजल्याच नाहीत. ऐन मध्यातल्या चार-सहा चौकांना या नियमातून सूट असते, पण पडीक प्लॉट जास्त असतात ते त्याला लागून असलेल्या पट्ट्यात, आणि तिथे सूट नसते. जिन्याचं गाडं वेगळंच. तीन मजल्यांच्या वर गेलात की बहुतेक ठिकाणी दोन जिने सक्तीचे. पंचवीस फुटांत दोन जिने आणि त्यांना जोडणारा बोळ काढल्यावर खोल्या कुठे काढायच्या? दोन बिऱ्हाडांऐवजी तीन केलीत की घर ‘व्यापारी’ बांधकामाच्या नियमांत जातं आणि खर्च उडी मारतो. जुन्या छायाचित्रांतली जी पेठ बघून लोक हळहळतात, ती आज पुन्हा बांधायला गेलात तर परवाना मिळणार नाही. तरी म्हणायचं, मागणीच नाही.

न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोने २०१७ साली ‘ग्रीन कोड’ लागू करून पार्किंगची सक्ती शहरभर काढून टाकली. तिथल्या ३६ मोठ्या प्रकल्पांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला: ४७ टक्के प्रकल्पांनी जुन्या सक्तीपेक्षा कमी पार्किंग केलं, बाकीच्यांनी पूर्वीइतकं किंवा जास्त. म्हणजे ज्याला पार्किंग हवं त्याने बांधलंच; नको त्याच्यावरचं ओझं तेवढं उतरलं.

यावर एक आक्षेप खरा दमदार आहे. इंडियानातल्या साउथ बेंडमध्ये किंवा फ्लिंटमध्ये नवं घर बांधायचा खर्च ते विकून येणाऱ्या किमतीपेक्षा जास्त असतो. नियम कितीही सैल करा, तोट्यात कोण बांधेल? मान्य. नुसतं नियम काढून भागत नाही, पैसा लागतो. पण मग तो पैसा तिथेच घाला. साउथ बेंडने २०२१ साली पार्किंगची सक्ती काढली आणि पुढच्याच वर्षी छोट्या घरांचे नकाशे महापालिकेने स्वतः तयार करून, मंजूर करून फुकट द्यायला सुरुवात केली. पडीक प्लॉटवरून सांडपाण्याची जोडणी करण्याचा खर्चही ती परत देते. एका प्लॉटचा प्रयोग फसला तर एक प्लॉट फसतो. ऑटोवर्ल्ड फसलं तेव्हा अख्खं गाव हात चोळत बसलं.

रॉचेस्टरने २०१४ ते २०१७ दरम्यान इनर लूपचा पूर्वेकडचा भाग भराव घालून बुजवला. सुमारे २.२ कोटी डॉलर खर्च, बराचसा केंद्राचा. सहा एकरांच्या आसपास जमीन हाती आली. तिच्यावर घरं झाली, लोक राहायला आले. पण मोठा तुकडा गेला तो खेळण्यांच्या एका संग्रहालयाच्या विस्ताराला आणि त्याच्या पार्किंगला. जुनी सवय! आता उत्तरेकडचा भाग बुजवण्यासाठी राज्याने दहा कोटी डॉलर देऊ केले आहेत, आणि तिकडे सिराक्यूजमध्ये २०२३पासून आय-८१चा उन्नत मार्ग उतरवण्याचं काम सुरू आहे. दोन्ही ठिकाणी मोकळ्या होणाऱ्या जमिनीची मोजणी होईल तेव्हा नकाशावर पंचवीस-तीस फुटांच्या रेघा पडतात की अख्खा चौक एकाच बोलीदाराच्या नावे जातो, ते बघावं लागेल.