गडाच्या किल्ल्या आणि तुरुंगाचा तट

१६७३ साली साताऱ्याचा किल्ला स्वराज्यात आला. तट, बुरूज होतेच; पण शिवाजी महाराजांच्या गडांची खरी गोम कारभाराच्या वाटणीत होती. किल्ल्या हवालदाराकडे, हजेरी आणि हिशेब सबनिसाकडे, धान्य-दारूगोळा कारखानिसाकडे. संध्याकाळी हवालदाराने स्वतः दरवाजे लावायचे, कुलपे ओढून पाहायची आणि किल्ल्या दुसऱ्याच्या हाती द्यायच्या नाहीत. एकटा फितला तरी गड जाऊ नये, ही तजवीज. बँकेच्या तिजोरीला आजही दोन किल्ल्या लागतात, त्यामागे हाच संशयी शहाणपणा.

सांगलीच्या गणेशदुर्ग किल्ल्यातल्या तुरुंगात पेच उलटा: कैद्यांना बाहेर पडू द्यायचे नव्हते. भोवती तट, खाली खंदक, वर बंदूकधारी पहारा. २४ जुलै १९४३ रोजी तिथे कैदेत असलेले स्वातंत्र्यसैनिक वसंतदादा पाटील आणि साथीदारांनी पहारेकऱ्यांवरच झडप घातली, बंदुका हिसकावल्या आणि तटावरून उड्या टाकल्या. तट शाबूत राहिला; ढासळला तो पहारा.

पाठलागाने मात्र काम केले. साथीदारांपैकी अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव गोळीबारात हुतात्मा झाले. वसंतदादा गोळी लागून पुन्हा पकडले गेले. १९७७ मध्ये तेच महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले आणि राज्यातले सगळे तुरुंग त्यांच्या सरकारच्या ताब्यात आले.