दोन पेडांची वेणी

विरारच्या शाळेत मी मराठी शिकवतो; रसायनशास्त्राशी माझा संबंध मॅट्रिकबरोबर संपला. तरीही एका शोधाची हकिगत फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवावीशी वाटते, कारण तिचा एक अध्याय आपल्या पुण्यात घडला आहे.

१९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची रचना उलगडली. ती दोन पेडांची वेणीच! ‘ए’समोर ‘टी’ आणि ‘जी’समोर ‘सी’, अशा जोड्या हातात हात घालून उभ्या. पहिलीत दोन बंध, दुसरीत तीन. वेणी तापवली की पेड सुटतात. निम्म्या वेण्या ज्या तापमानाला सुटतात, तो तिचा वितळणबिंदू. तो जितका वर, तितकी गाठ पक्की.

१९७८ साली अमेरिकेत झामेक्निक व स्टीफन्सन यांनी अवघ्या १३ अक्षरांचा तुकडा विषाणूच्या संदेशाला जोडीदार म्हणून देऊन त्याची वाढ रोखली. पण पेशीतील विकरे असे तुकडे कुरतडून टाकतात. उपाय म्हणून कण्यातील एका ऑक्सिजनच्या जागी गंधक बसवले. तुकडा टिकला, पण वेणी किंचित सैल झाली. एकीकडे सांधावे तर दुसरीकडे उसवावे!

१९९१ साली कोपनहेगनच्या नीलसन आदी संशोधकांनी कणाच बदलला. डीएनएच्या दोन्ही पेडांवर ऋणभार असतो, म्हणून ते एकमेकांस लोटतात. नव्या ‘पीएनए’वर भारच नाही, साहजिकच गाठ घट्ट. परंतु तो पाण्यात नीट विरघळेना, पेशीत सहज शिरेना आणि उलटसुलट कोणत्याही दिशेने चिकटे.

येथे पुणे पुढे आले. १९५० साली उघडलेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत कृष्ण गणेश, वैजयंती कुमार व त्यांचे विद्यार्थी यांनी त्या लवचीक कण्यात कडी बसवली. प्रोलीनचे पाचकोनी कडे असलेला, धनभार वाहणारा पीएनए १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्याची डीएनएशी पडलेली गाठ फारच पक्की निघाली. पुढे सहाकोनी कड्याचा पीएनए डीएनएपेक्षा आरएनएलाच अधिक घट्ट धरतो, असे दिसले.

म्हणजे प्रश्न नुसत्या बळाचा नव्हे, निवडीचा आहे. आमच्या वसईकडे गजरा बांधणाऱ्या बायांना हे शिकवावे लागत नाही: दोरा सैल राहिला तर कळी गळते, फार आवळला तर देठ तुटतो. अतिघट्ट तुकडाही भलत्याच संदेशाला धरून बसतो, आणि औषधाचे विष होते.

२०१६ साली अमेरिकेत ‘नुसिनर्सेन’ला मान्यता मिळाली. ते पीएनए नव्हे. त्यात कण्यावर गंधक आहे, आणि त्याने आलेला सैलपणा भरून काढणारा गट साखरेवर आहे. स्नायू क्षीण करणाऱ्या आनुवंशिक रोगाने ग्रासलेली कित्येक बालके त्या औषधाने बसू लागली, काही चालूही लागली.