पानपिंपळी

पानपिंपळी (शास्त्रीय नाव: पायपर लाँगम, अन्य नावे: पिंपळी, लेंडीपिंपळी, संस्कृत: पिप्पली) ही मिरवेल कुळातील, म्हणजे पायपरेसी कुळातील, बहुवर्षायू सुगंधी वेल आहे. तिची वाळवलेली कणिशे मसाल्यात व औषधात वापरतात. ही मूळची भारतीय उपखंडातील दमट अरण्यांची वनस्पती असून पूर्व हिमालयाच्या पायथ्यापासून आसाम व बंगालपर्यंत आणि पश्चिम घाटाच्या सदाहरित वनांत ती नैसर्गिकरीत्या वाढते. महाराष्ट्रात तिची शेती मुख्यतः वऱ्हाडात होते. अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी व अचलपूर, अकोला जिल्ह्यातील अकोट व तेल्हारा हे तालुके आणि त्यांना लागून असलेला बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोदचा परिसर हा या लागवडीचा पट्टा होय. या भागात तिला ‘पानपिंपरी’ असेही म्हणतात.

नाव

‘पिप्पली’ या संस्कृत शब्दाचा प्रवास लांबचा आहे. ग्रीक ‘पेपेरी’, लॅटिन ‘पिपेर’ आणि त्यावरून आलेला इंग्रजी ‘पेपर’ हे सर्व शब्द पिप्पलीपासून निघाले. आज ते काळ्या मिऱ्यासाठी वापरले जात असले तरी नाव मूळचे पिंपळीचे आहे. संस्कृतात तिला कणा, कृष्णा, चपला, मागधी, वैदेही अशी पर्यायनावे आहेत. मागधी व वैदेही ही नावे मगध व विदेह या प्रदेशांवरून पडलेली आहेत.

मराठीत नावामुळे काही घोटाळे होतात. पिंपळ हा वड-उंबराच्या कुळातील वृक्ष असून त्याचा या वेलीशी वानस्पतिक संबंध नाही. महाराष्ट्रात पिंपरी नावाची गावे पुष्कळ आहेत, त्यांवरून तेथे कधीकाळी पिंपळीचे मळे होते असा निष्कर्ष काढता येत नाही. गजपिंपळी ही अळूच्या कुळातील वेगळीच वेल आहे. बाजारात ‘मोठी पिंपळी’ म्हणून येणारा माल पुष्कळदा आग्नेय आशियातील पायपर रेट्रोफ्रॅक्टम या जातीचा असतो.

वर्णन

पानपिंपळी जमिनीलगत पसरते, क्वचित आधाराने थोडी वर चढते. खोड बारीक असून पेरांवर फुगीर असते व जमिनीला टेकलेल्या पेराला मुळे फुटतात. खालची पाने लांब देठाची व हृदयाकृती असतात, तर फळ देणाऱ्या फांद्यांवरील वरची पाने जवळजवळ बिनदेठाची व खोडाला बिलगलेली असतात. पान नागवेलीच्या पानासारखे दिसते, पण लहान व पातळ असते.

नर व मादी फुले वेगवेगळ्या वेलींवर येतात. नर कणिश लांब व सडपातळ, तर मादी कणिश आखूड व जाड असते. व्यापारातील पिंपळी म्हणजे मादी कणिश होय. त्यावरील बारीक फळे गरात रुतलेली असतात, त्यामुळे वाळल्यावर सारे कणिश मिळून एकच लांबट, खडबडीत फळ असल्यासारखे वाटते. कोवळे असताना ते हिरवे असते, पुढे काळपट हिरवे होते. तोडणीची योग्य वेळ हीच. वेलीवर पूर्ण पिकू दिल्यास तिखटपणा कमी होतो.

वऱ्हाडातील लागवड

वऱ्हाडाचे हवामान या वेलीला प्रतिकूल आहे. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर येथील हवा कोरडी असते आणि उन्हाळ्यात अकोल्याचे तापमान ४५ अंश सेल्सियसच्या पुढे जाते. ज्या वेलीला सदाहरित वनातील विरळ ऊन, ओलसर पालापाचोळा व दमट हवा लागते, ती येथे उघड्या रानात एक उन्हाळाही काढणार नाही. तरीही ती येथे टिकली याचे श्रेय दोन गोष्टींना द्यावे लागते. एक सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी, दुसरी पानमळ्याची विद्या.

पूर्णा नदीच्या खोऱ्याचा मधला भाग खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. तेथील भूजल खारे असल्याने विहिरीवर बागायत करता येत नाही. मात्र त्याच्या उत्तरेस, मेळघाटाच्या डोंगराखाली, ओढ्या-नद्यांनी आणून टाकलेल्या गाळाचा व दगडगोट्यांचा खोल थर आहे. डोंगरावर पडलेले पाणी या थरात मुरते आणि तेथील विहिरींना गोडे पाणी लागते. शहानूर, वान, चंद्रभागा या नद्या याच डोंगरातून उतरतात. अंजनगाव, अकोट व तेल्हारा ही गावे याच पट्ट्यात किंवा त्याच्या कडेला वसलेली आहेत. संत्री, केळी, नागवेल व पानपिंपळी ही सारी पिके या एकाच पाण्यावर उभी आहेत, हे ध्यानात घेतल्याशिवाय या पिकाचा भूगोल समजत नाही.

दुसरी गोष्ट बारी समाजाची. विड्याच्या पानाची शेती हा या समाजाचा परंपरागत व्यवसाय आहे. नागवेल (पायपर बीटल) व पानपिंपळी या एकाच प्रजातीतील भगिनी असून दोघींच्या गरजा सारख्या आहेत: विरळ सावली, वाऱ्यापासून आडोसा, भुसभुशीत व निचऱ्याची जमीन आणि सतत पण बेताचा ओलावा. फरक एवढाच की नागवेल उंच चढते व तिचे पान विकले जाते, तर पानपिंपळी जमिनीवर पसरते व तिचे कणिश विकले जाते. पानमळा सांभाळणाऱ्याला पानपिंपळीसाठी नवे काही शिकावे लागले नाही. हे पीक प्रामुख्याने याच समाजाच्या हाती राहिले, त्याचे कारण हेच आहे.

मळ्याची रचना सावलीपासून सुरू होते. शेवरी, हादगा, पांगारा यांसारखी झपाट्याने वाढणारी, विरळ पानांची झाडे ओळीने लावतात. ही शेंगावर्गीय असल्याने जमिनीला नत्रही मिळते. कडेने दाट कुंपण करून उन्हाळ्यातील उष्ण वारा अडवला जातो. सावली किती असावी हे नेमके सांगणे अवघड आहे. केरळात नारळाच्या बागेत सुमारे २० ते २५ टक्के सावली योग्य मानतात, पण वऱ्हाडातील उन्हात ती अधिक लागते. सावली फार दाट झाली तर वेल पानांनी भरते व कणिशे कमी धरते, म्हणून सावलीच्या झाडांच्या फांद्या वेळोवेळी छाटाव्या लागतात.

अभिवृद्धी छाटकलमांनी करतात. तीन ते पाच पेरांचे तुकडे ओलसर मातीत लावले असता त्यांना सहज मुळे फुटतात. बियांपासून केलेल्या रोपांत नर वेली निघण्याचा धोका असतो. छाटकलम मात्र मातृवेलीच्याच लिंगाचे राहते, म्हणून कणिशे देणाऱ्या वेलीचीच छाटे निवडतात. दोन वेलींत साधारणपणे ६० सेंटिमीटर अंतर ठेवतात. हेक्टरी सुमारे २० टन शेणखत देण्याची शिफारस आहे. मुळे उथळ असल्याने खोल खुरपणी टाळतात आणि वाळलेला पाला किंवा गवत यांचे आच्छादन करतात. आच्छादनामुळे ओल टिकते, माती तापत नाही, आणि वेलीला तिच्या मूळच्या अरण्यातील जमिनीसारखी जमीन मिळते.

कणिश धरल्यापासून तोडणीपर्यंत सुमारे दोन महिने लागतात. सर्व कणिशे एकाच वेळी तयार होत नाहीत, त्यामुळे तोडणी अनेक फेऱ्यांत हातानेच करावी लागते. वाकून किंवा बसून, पानांखालचे एकेक कणिश शोधून काढण्याचे हे काम संथ असून मजुरीचा खर्च त्यामुळे वाढतो. तोडलेली कणिशे चार-पाच दिवस उन्हात वाळवतात. दहा किलो ओल्या मालापासून सुमारे दीड किलो सुकी पिंपळी मिळते. वाळवणीच्या काळात पाऊस आला तर मालाला बुरशी लागते. केरळातील अनुभवानुसार पहिल्या वर्षी हेक्टरी सुमारे ४०० किलो आणि तिसऱ्या वर्षी सुमारे १,००० किलो सुका माल मिळतो. त्यानंतर वेलींचे उत्पन्न घटते व नवी लागवड करावी लागते. केरळ कृषी विद्यापीठाने ‘विश्वम्’ हा सुधारित वाण नारळाच्या सावलीतील लागवडीसाठी प्रसारित केला आहे.

रोग व किडी

फायटोफ्थोरा वर्गातील बुरशीसदृश जिवांमुळे होणारी पानांची व मुळांची कुज हा सर्वांत घातक रोग आहे. पावसाळ्यात पाणी साचले की तो पसरतो. नागवेलीची मरही याच वर्गातील जिवांमुळे होते, म्हणून मरीने बसलेल्या पानमळ्यात लगेच पानपिंपळी लावणे धोक्याचे असते. प्रतिबंधासाठी बोर्डो मिश्रणाची फवारणी व ट्रायकोडर्माचा वापर करतात, परंतु औषधापेक्षा चर काढून केलेला निचरा अधिक उपयोगी पडतो. मुळांवरील पिठ्या ढेकूण वेलीचा रस शोषतो, त्याचा उपद्रव उन्हाळ्यात अधिक असतो. पानांवर हेलोपेल्टिस हा ढेकूणवर्गीय कीटक आढळतो. माल औषधासाठी जाणारा असल्याने रासायनिक कीटकनाशकांचा अंश राहणे हा केवळ दर्जाचा प्रश्न नसून घेणाऱ्याच्या प्रकृतीचा प्रश्न ठरतो.

परसबागेत

घराच्या परसात पानपिंपळी लावणे कठीण नाही. भिंतीची उत्तर बाजू, आंब्या-पेरूच्या झाडाखालची विरळ सावली किंवा विहिरीजवळची ओलसर जागा तिला मानवते. कुंडीत लावल्यास कुंडी खोल असण्यापेक्षा रुंद असावी. पाणी रोज थोडे द्यावे, परंतु तळाशी साचू देऊ नये. एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे ऊन पडत असेल तर हिरव्या जाळीचा आडोसा करावा. कडाक्याच्या थंडीत वाढ मंदावते, त्या वेळी जास्त पाणी घालून तिला जागवण्याचा प्रयत्न करू नये. पाने फुटूनही बराच काळ फळाची कणिशे न आल्यास वेल नर आहे का, सावली दाट आहे का, हे पाहावे.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात (स्थापना १९६९) नागार्जुन औषधी वनस्पती उद्यान आहे. औषधी वनस्पती प्रत्यक्ष पाहून ओळखण्याची सोय विद्यार्थ्यांना तेथे होते.

उपयोग

अथर्ववेदातील सहाव्या कांडात पिप्पलीला उद्देशून एक सूक्त असून त्यात तिचा उल्लेख जखमेवरील औषधी म्हणून येतो. आयुर्वेदात सुंठ, मिरे व पिंपळी यांच्या समभाग मिश्रणाला त्रिकटु म्हणतात. खोकल्यावरील सितोपलादि चूर्णातही पिंपळी असते. चौसष्ट प्रहरी पिंपळी हे औषध महाराष्ट्रातील घराघरांत माहीत आहे. पिंपळीचे चूर्ण चौसष्ट प्रहर, म्हणजे आठ अहोरात्र, खलून ते तयार करतात. वेलीचे मूळ व खोडाचा खालचा भाग पिंपळमूळ (गंठोडा) या नावाने स्वतंत्रपणे विकला जातो व बाळंतिणीच्या आहारात वापरला जातो. चरकसंहितेत वर्धमान पिप्पलीचा प्रयोग सांगितला आहे, पण त्याच ग्रंथाच्या विमानस्थानात पिप्पली, क्षार व लवण ही तीन द्रव्ये अतिप्रमाणात घेऊ नयेत असा स्पष्ट इशाराही आहे. घरगुती उपायांच्या पुस्तकांत पहिला भाग उतरवला जातो आणि दुसरा बहुधा गळतो.

तिखटपणा पिपेरिन या अल्कलॉइडामुळे येतो. १८१९ साली हान्स क्रिस्टियन अर्स्टेड या डॅनिश शास्त्रज्ञाने ते मिऱ्यापासून प्रथम वेगळे केले. पिपेरिनमुळे काही औषधे शरीरात अधिक प्रमाणात शोषली जातात. या गुणाचा उपयोग करून क्षयरोगावरील रिफॅम्पिसिनची मात्रा कमी करण्याचे संशोधन जम्मूच्या प्रयोगशाळेत झाले व त्यावर आधारित औषध २००९ मध्ये भारतात आले. याच कारणामुळे नियमित औषधे घेणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याविना पिंपळी घेणे योग्य नाही.

व्यापार व सद्यस्थिती

प्राचीन रोममध्ये पिंपळी काळ्या मिऱ्याहून महाग होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील प्लिनी या लेखकाने पिंपळीचा भाव पौंडाला १५ दिनार व काळ्या मिऱ्याचा ४ दिनार नोंदवला आहे. पुढे समुद्रमार्गाने काळे मिरे मुबलक मिळू लागले, सोळाव्या शतकानंतर अमेरिकेतील मिरची जगभर पसरली, आणि पिंपळी युरोपच्या स्वयंपाकघरातून नाहीशी झाली. भारतातही आज ती स्वयंपाकापेक्षा औषधातच अधिक वापरली जाते. गिऱ्हाईक प्रामुख्याने औषधनिर्माते असल्याने बाजार अरुंद आहे. कापूस, सोयाबीन व तूर यांना किमान आधारभूत किंमत असते, पानपिंपळीला नाही. भाव वाढला की मळे वाढतात, दोन-तीन वर्षांनी माल एकदम बाजारात येतो आणि भाव पडतो. बहुवर्षायू पिकात हा फटका लवकर भरून निघत नाही. केंद्र शासनाने २००० साली स्थापन केलेल्या राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाच्या योजनांत पिंपळीचा समावेश झालेला आहे.

भावापेक्षा मोठा प्रश्न पाण्याचा आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी भूजलाचा उपसा, विशेषतः संत्राबागांसाठी, पुनर्भरणापेक्षा अधिक झाल्याने विहिरी आटल्या व कूपनलिका खोल गेल्या. संत्र्याच्या बागेला ताण देता येतो, किंबहुना बहार धरण्यासाठी तो द्यावाच लागतो. पानपिंपळीला ताण सोसत नाही, उन्हाळ्यातील थोड्या दिवसांचा खंडही उथळ मुळांची वेल वाळवतो. पाणी कमी पडले की आधी पानमळा मोडतो. त्याबरोबर सावलीची झाडेही तोडली जातात, आणि तो मळा पुन्हा उभा करायचा झाल्यास सुरुवात शेवरीच्या बियांपासून करावी लागते.